बंदरावरचा बावटा

मे महिना लागला की नांदेड-लातूरची कुटुंबं गणपतीपुळे, तारकर्लीची वाट धरतात. धुळीच्या वावटळी यांच्या ओळखीच्या. समुद्रावरचा वारा मात्र नवा.

उन्हात जमीन पाण्याच्या आधी तापते. तिच्यावरची हवा वर चढते आणि समुद्रावरची गार हवा किनाऱ्याकडे धावते. हे खारे वारे. दुपारनंतर त्यांचा जोर वाढतो. रात्री उलटे, जमिनीकडून मतलई वारे सुटतात. म्हणून मालवणहून सिंधुदुर्ग किल्ल्याला होडीनं जायचं तर सकाळचीच वेळ बरी. दुपारी लाटा उसळतात, लेकरांना मळमळतं.

वारा आणखी एक फसवणूक करतो. अंग गार राहतं, ऊन जाणवत नाही, आणि संध्याकाळी पाठ लालबुंद! पूर्ण बाह्यांचा सुती सदरा आणि डोक्याला घट्ट बांधलेली दस्ती इथं छत्रीपेक्षा उपयोगी. बसायला सुरूच्या बनाचा आडोसा घ्यावा. नारळाखाली मात्र अजिबात नको.

दूर कॅरिबियन बेटांवर व्यापारी वारे पूर्वेकडून येतात, त्यामुळे तिथले पर्यटक शांत पाण्यासाठी पश्चिमेचा किनारा निवडतात. कोकणात ती सोय नाही. इथं वादळी वाऱ्याचा इशारा देणारा बावटा पाहावा लागतो. बंदरावर 3 नंबरचा बावटा लागला, म्हणजे पाण्यात उतरायचं नाही. 3 जून 2020 रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं, तेव्हा श्रीवर्धन-दिवेआगरच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या होत्या.

मेअखेरीस निघणाऱ्यांनी आधी हवामान खात्याचा अंदाज ऐकावा. पावसाळ्याच्या तोंडावर प्रवासी होड्या थांबतात, आणि मग किल्ला किनाऱ्यावरूनच पाहावा लागतो.