मॅट्रिक म्हणजे नेमकं किती शिकलेला?

मी डेराबस्सीतून बोलतोय. चंदीगडहून अंबाल्याकडे निघालात की झिरकपूरनंतर हे गाव लागतं. पंजाबच्या मोहाली जिल्ह्यात, पण हरियाणा अगदी हाताशी. औषधांचे, रसायनांचे, सुताचे पुष्कळ कारखाने इथे आहेत. त्यांतल्याच एका कारखान्यात मी कामगार भरतीचं काम बघतो.

आज सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करतो.

काही वर्षांपूर्वी नेपाळचा एक मुलगा कामाला आला. अर्जात शिक्षणापुढे त्यानं लिहिलं होतं ‘एसईई’ आणि वर्षाच्या रकान्यात 2075! मला वाटलं, पोरगं काहीतरी गडबडलंय. गुणपत्रिकेच्या झेरॉक्सवर टक्के नाहीत, आपल्यासारखा ‘उत्तीर्ण’ असा शेराही नाही, नुसत्या श्रेणी. मी त्याला हेल्परमध्ये टाकलं. मशीनवर घ्यायला दहावी पास लागत होता, आणि हा मुलगा दहावी झालेलाच होता. 2075 हे विक्रम संवतातलं वर्ष. आपल्या हिशेबानं ती 2019 ची परीक्षा. हे मला कळायला वर्ष गेलं. त्या वर्षभरात त्याच्या पगारातला जो फरक पडला, तो माझ्या अज्ञानाचा.

मला जास्त लागलं ते वेगळ्या कारणानं. मी मूळचा बेळगावचा. आमच्याकडे दहावीला एसएसएलसी म्हणतात आणि बारावीला पीयूसी. ती करून मी पुण्यात गेलो, तेव्हा एका खिडकीवरच्या बाईंनी विचारलं होतं, “हे पीयूसी काय असतं? बारावीचं सर्टिफिकेट आणा.” अहो, हीच बारावी, हे पटवायला मला तीन खेपा घालाव्या लागल्या. तरीही पंधरा वर्षांनी मी खिडकीच्या आत बसलो आणि तेच केलं.

म्हणून मग मी हे सगळं समजून घ्यायला बसलो.

आधी ‘मॅट्रिक’ घेऊ. इथे पंजाबात आजही दहावीला सर्रास मॅट्रिकच म्हणतात. बिहारमध्ये म्हणतात, आणि सीमेपलीकडे लाहोरातही. हा शब्द मुळात शाळेचा नाहीच, विद्यापीठाचा आहे. मॅट्रिक्युलेशन म्हणजे विद्यापीठाच्या पटावर नाव लागणं. मुंबई विद्यापीठ 1857 चं. त्याची पहिली मॅट्रिक 1859 ला झाली, आणि रानडे, भांडारकर त्या पहिल्या तुकडीतले. लाहोरला पंजाब विद्यापीठ 1882 ला निघालं. फाळणी झाली, पण परीक्षेचं नाव दोन्हीकडे राहिलं.

आपल्याकडे पुढे विद्यापीठाच्या हातून ही परीक्षा बोर्डाकडे गेली आणि एसएससी आली. महाराष्ट्रात ती अकरावीला असायची. कोठारी आयोगानं सुचवलेला दहा अधिक दोन अधिक तीन हा आकृतिबंध आला आणि 1975 पासून एसएससी दहावीला आली. म्हणजे तुमच्या घरातल्या आजोबांची एसएससी आणि तुमची एसएससी यांत एका वर्षाचा फरक असू शकतो. नाव तेच, पायरी वेगळी!

आता शेजारी बघा.

पाकिस्तानात नववी-दहावी मिळून मॅट्रिक, मग अकरावी-बारावीचं इंटरमीडिएट. विज्ञान घेतलं तर एफएससी, कला घेतली तर एफए. एफए ऐकून बीए समजू नका, ती बारावी आहे.

बांगलादेशात तर नावं आपलीच: दहावीला एसएससी, बारावीला एचएससी. पण निकाल टक्क्यांत नसतो, पाचपैकी जीपीए असतो. ‘पाच मिळाले’ म्हटलं की तिथे पेढे वाटतात.

नेपाळमध्ये पूर्वी दहावीला एसएलसी होती. तिला लोक ‘फलामे ढोका’ म्हणायचे, म्हणजे लोखंडी दार. 2016 च्या कायद्यातल्या बदलानंतर तिथे माध्यमिक शिक्षण बारावीपर्यंत धरलं जाऊ लागलं. 2017 पासून दहावीची परीक्षा एसईई झाली. म्हणजे नेपाळी माणूस ‘माध्यमिक झालं’ म्हणाला, तर ती बारावीही असेल. आपण माध्यमिक म्हणजे दहावी धरतो आणि बारावीला उच्च माध्यमिक म्हणतो. घोळ होतो तो असा.

श्रीलंकेत इंग्रजी वळण टिकलं. अकरावीला ओ-लेव्हल, तेराव्या वर्षी ए-लेव्हल. विद्यापीठात जाण्यासाठी ए-लेव्हलला मुख्य विषय तीनच.

इथे एक सावधगिरी. नुसती वर्षं मोजून भागत नाही. ओ-लेव्हल अकरा वर्षांचं, म्हणून ते आपल्या अकरावीइतकं असं होत नाही. ते शालान्त परीक्षेच्या जागी आहे, म्हणजे आपल्या दहावीच्या जोडीला बसतं. विद्यापीठाचं दार उघडतं ते ए-लेव्हल.

म्हणून आता माझ्या टेबलावर कुणाचाही कागद आला की मी तीन प्रश्न विचारतो. पहिला, ही परीक्षा शाळेच्या कितव्या वर्षाला झाली? दुसरा, ती कुणी घेतली, बोर्डानं की शाळेनं? आणि तिसरा, सगळ्यांत महत्त्वाचा: ही पास झाल्यावर तुमच्या गावातला मुलगा पुढे कुठे जातो? अकरावीला जातो की कॉलेजच्या पहिल्या वर्षाला? उत्तर मिळालं की पायरी कळते, नाव काहीही असो.

ज्यांना पुढे शिकायचं आहे, त्यांनी मात्र समकक्षतेचा कागद आधी काढावा. भारतीय विश्वविद्यालय संघ हे काम वर्षानुवर्षं करत आला आहे, आणि 2025 साली विद्यापीठ अनुदान आयोगानंही परदेशी शिक्षणाच्या समकक्षतेचे नवे नियम काढलेत. प्रवेशाची तारीख जवळ आल्यावर धावपळ करू नका. मूळ गुणपत्रिका, आणि ती दुसऱ्या भाषेत असेल तर तिचं प्रमाणित भाषांतर, हे गाव सोडतानाच बरोबर घ्या. हे बेळगाव, निपाणी, पणजी, इंदूर, बडोद्याच्या आपल्या मुलांनाही सांगतोय. देशातल्या देशातसुद्धा बोर्ड बदललं की स्थलांतर प्रमाणपत्र लागतंच.

तो नेपाळचा मुलगा आता मशीनवर आहे. मी त्याची माफी मागितली, तेव्हा तो हसून म्हणाला, “साहेब, तुम्ही विचारलं असतं तर मी सांगितलं असतं.”

एवढंच होतं बघा. मी विचारलं नव्हतं.

तुमच्यापैकी कुणी शाळेच्या, कॉलेजच्या, कारखान्याच्या खिडकीच्या आत बसत असेल, तर अनोळखी नावाचा कागद परत करण्याआधी एक प्रश्न विचारा. भेटू पुढच्या वेळी. नमस्कार.