मेसेज आला नाही, म्हणून झोपलो: रास्पबेरी पाय आणि साठ मीटर वायरची गोष्ट

आज थोडं टेक्निकल बोलणार आहे, पण घाबरू नका. विषय आहे लॅन केबल. हो, तीच, वायफाय आल्यापासून आपण विसरलेली. ऐकताना कमांड लिहून घ्यायची गरज नाही. क्रम तेवढा लक्षात ठेवा.

आधी पार्श्वभूमी सांगतो. मी मूळचा पोलादपूरचा, बीटेक लोणेऱ्याला केलं, नोकरी पुण्यात. आमच्या काकांचं घर सावित्रीच्या काठाजवळ आहे. सावित्री उगम पावते महाबळेश्वरला, घाट उतरून पोलादपूरला येते, मग महाड, आणि पुढे बाणकोटच्या खाडीतून समुद्र. म्हणजे वर महाबळेश्वरला जे कोसळतं ते काही तासांत आमच्या दारात. जुलै २०२१ मध्ये तिथे २४ तासांत जवळजवळ ६०० मिलिमीटर पाऊस पडला. महाडची बाजारपेठ बुडाली, लाईट गेली, मोबाईलची रेंज गेली. त्याच २२ तारखेला तळियेत दरड कोसळून ऐंशीहून जास्त माणसं गेली. पोलादपूर तालुक्यातही दरडी आल्या. मी पुण्यात बसून फोन लावत होतो आणि कुणाचाच लागत नव्हता. ते दोन दिवस मी विसरू शकत नाही.

त्यातूनच हे यंत्र सुचलं. काकांची नदीकडे पंपाची एक खोली आहे, पत्र्याची. तिथे एक रास्पबेरी पाय बसवला, थ्री-बी मॉडेल. तळहातावर मावणारा कॉम्प्युटर. त्याला पाण्याचं अंतर मोजणारा सेन्सर आणि लाईट गेली तर बॅटरी. पाणी ठरलेल्या खुणेच्या वर गेलं की घरच्या ग्रुपवर मेसेज. सरकारी इशाऱ्याची जागा हे यंत्र घेत नाही, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. घर ते पंपाची खोली अंतर साधारण ६० मीटर. मध्ये झाडं, वर पत्रा, वायफाय पोचत नव्हतं. म्हणून लॅन केबल टाकली. लॅन केबलची मर्यादा १०० मीटर, त्यामुळे ६० म्हणजे आरामात, असं मला वाटलं. प्लग मी स्वतः लावले. इंजिनिअर ना मी!

तर झालं असं, गेल्या जुलैत एका रात्री धो धो पाऊस. मेसेज काही आला नाही. सकाळी काकांचा फोन.

"काय रे, तुझं यंत्र झोपलं काय? पाणी पंपाच्या पायरीला लागून गेलंय. खताच्या चार गोणी भिजल्या."

मागून काकूचा आवाज आला, "अरे, मेसेज आला नाही म्हणून आम्ही निवांत झोपलो."

गोणी गेल्या त्याचं काही नाही. पण काकूचं ते वाक्य माझ्या डोक्यात बसलं. यंत्र नव्हतं तेव्हा काका रात्रीत तीनदा उठून बॅटरी मारून पाणी बघायचे. माझ्यामुळे त्यांनी बघणं सोडलं होतं.

शनिवारी निघालो. पावसात वरंध घाटाचा भरवसा नाही, म्हणून ताम्हिणीतून माणगाव, तिथून महाड, पोलादपूर. सोबत छोटा स्क्रीन, कीबोर्ड, नवी केबल, प्लग आणि क्रिंपिंगचा पक्कड.

आता क्रम ऐका. नेटवर्क बंद पडलं की आपण काय करतो? सेटिंग उघडतो, नाहीतर सरळ कार्ड फॉरमॅट करतो. दोन्ही चूक. खालून वर जायचं: वीज, वायर, लिंक, पत्ता, रस्ता, नाव. खालची पायरी पक्की झाल्याशिवाय वरची तपासायची नाही.

पहिली पायरी वीज. पायवर लाल दिवा असतो. व्होल्टेज कमी पडलं की तो विझतो किंवा मिणमिणतो. साधा मोबाईल चार्जर लावला की हे हमखास होतं. कमांडने बघायचं तर 'व्हीसीजेनसीएमडी गेट थ्रॉटल्ड'. उत्तर झिरो-एक्स-झिरो आलं की वीज ठीक. माझी ठीक होती.

दुसरी पायरी, पोर्टवरचे छोटे दिवे. अजिबात पेटत नसतील तर लिंकच नाही. माझा हिरवा दिवा पेटायचा, विझायचा, पुन्हा पेटायचा. 'डीमेसेज' कमांड दिली तर ओळीमागून ओळ: लिंक अप, लिंक डाऊन, लिंक अप. म्हणजे पाय जिवंत होता, पण वायरचं धड चालत नव्हतं.

तिसरी गोष्ट, आणि ही सगळ्यात कामाची: एका वेळी एकच गोष्ट बदला. पाय उचलून घरात आणला, राऊटरच्या त्याच पोर्टला एक मीटरच्या रेडिमेड केबलने जोडला. लगेच चालू! एका झटक्यात पाय, पोर्ट, राऊटर तिघं निर्दोष सुटले. उरली माझी साठ मीटरची वायर.

मग केबल टेस्टर लावला. एक ते आठ दिवे ओळीने पेटले. म्हणजे केबल चांगली? मीही तेच समजून अर्धा दिवस घालवला. शेवटी 'आयपी डॅश एस लिंक' कमांडने आकडे बघितले तर एररचा आकडा बघता बघता वाढत होता. तेव्हा प्लग कापायच्या आधी उजेडात धरून नीट पाहिला आणि कपाळावर हात मारला.

केबलमध्ये आठ तारा असतात, चार जोड्या, प्रत्येक जोडीला पीळ. तो पीळ का? दोन्ही तारांवर बाहेरचा गोंगाट सारखाच पडतो, आणि पलीकडे दोघींमधला फरक वाचला की गोंगाट कटतो. पण त्यासाठी सिग्नल एकाच जोडीतून जायला हवा. १०० एमबीपीएसला दोन जोड्या लागतात: एक पिन १ आणि २ वर, दुसरी पिन ३ आणि ६ वर. हो, ३ आणि ६, शेजारी शेजारी नाहीत! म्हणून योग्य क्रम असा: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. मी काय केलं होतं? दिसायला छान म्हणून जोड्या ओळीने लावल्या: केशरी, हिरवी, निळी, तपकिरी. दोन्ही टोकांना तीच चूक. टेस्टर फक्त एवढंच बघतो की या टोकाची तीन नंबर तार त्या टोकाच्या तीन नंबरला जाते का. जाते. पण माझ्या पिन ३ वर हिरव्या जोडीतली तार होती आणि पिन ६ वर निळ्या जोडीतली. पीळ असून नसल्यासारखा. याला स्प्लिट पेअर म्हणतात.

अशी केबल दोन मीटरवर चालून जाते. साठ मीटरवर रडतखडत चालते, आणि हरवलेलं पॅकेट पुन्हा पाठवलं जातं म्हणून आपल्याला कळतही नाही. उन्हाळ्यात पंप चालू असला की मेसेज उशिरा यायचे, हे काकांनी मला सांगितलं होतं. केबल पंपाच्या वायरला खेटून बांधली होती ना! मी म्हटलं, "काका, नेट स्लो असेल." पावसात प्लगमध्ये पाणी झिरपलं, पिनांवर हिरवट गंज चढला आणि जेमतेम चालणारी लिंक तुटली.

दुरुस्ती एका तासाची. बाहेर टाकायची काळी केबल घेतली, पूर्ण तांब्याची. स्वस्त केबलमध्ये ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असतो, ती बघून घ्या. पंपाच्या वायरपासून लांब नेली, प्लग बंद डब्यात ठेवले आणि डब्यात शिरण्याआधी केबलला खाली झोळ दिला, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकून जातं. एररचा आकडा थांबला.

तुमची वायर ठीक निघाली तर वर चढा. 'आयपी ॲड्रेस' बघा. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर पायने पत्ता मागितला आणि राऊटरकडून उत्तरच आलं नाही. पत्ता बरोबर असेल तर आधी राऊटरला पिंग करा, मग ८.८.८.८ ला, मग एखाद्या वेबसाईटच्या नावाला. आकड्याला उत्तर येतं आणि नावाला येत नाही, तर गडबड डीएनएसची. अजून एक. २०२३ च्या बुकवर्म व्हर्जनपासून रास्पबेरी पायचं नेटवर्क नेटवर्क मॅनेजर सांभाळतो. जुने व्हिडिओ बघून डीएचसीपीसीडीची फाईल बदलत बसलात तर काही फरक पडणार नाही.

पण मंडळी, खरी चूक केबलची नव्हती. यंत्र फक्त धोका असेल तेव्हाच बोलत होतं. त्यामुळे सगळं ठीक असलं तरी शांतता, आणि यंत्र मेलं तरी शांतताच. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला. पूल गेलाय हे पुढच्या गाड्यांना सांगणारं तिथे काही नव्हतं. दोन एसटी बस नदीत गेल्या. मी तेव्हा कॉलेजात होतो. धोक्याची खूण दिसत नाही म्हणजे धोका नाही, असं आपण सगळेच धरून चालतो.

आता पाय दर तासाला "चालू आहे" एवढंच कळवतो. आणि ते येतंय का हे तपासणारा प्रोग्रॅम पुण्यात, माझ्याकडे. कारण ज्याची वायर तुटली तो "माझी वायर तुटली" असं कळवणार कसा? पहारा दुसऱ्या टोकाला हवा. दोन निरोप चुकले की माझा फोन वाजतो आणि मी काकांना उठवतो.

काकूने मात्र स्वतःचा नियम केलाय. जोराचा पाऊस असला की मेसेज येवो न येवो, झोपायच्या आधी काकांनी एकदा बॅटरी मारून पाणी बघायचं. मी म्हटलं, "काकू, आता गरज नाही." तर म्हणते, "तुझ्या वायरला पीळ असू दे, माझ्या जिवाला नको."

काका रोज बघतात. मी आता काही म्हणत नाही. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, पावसाळा आहे.