'ग्रॉगी' म्हणजे प्यायलेला?

माझ्या भाच्याची एक गोष्ट सांगतो. सर्दीने बेजार झाला म्हणून त्याने रात्री उशिरा एक गोळी घेतली. सकाळी तशाच जड डोक्याने स्कूटर काढली आणि वळणावर घसरला. नशिबाने खरचटण्यावर निभावले. रजेच्या इंग्रजी अर्जात त्याने लिहिले की, त्या वेळी मी 'ग्रॉगी' होतो. साहेबांनी कपाटातला जुना शब्दकोश काढला. त्यात पहिलाच अर्थ होता, 'दारू प्यालेला'! झाले, बिचाऱ्याला गोळ्यांचे पाकीट नेऊन दाखवावे लागले.

यात शब्दकोश खोटा नव्हता आणि भाचाही खोटा नव्हता. अठराव्या शतकात ब्रिटिश आरमारात एडवर्ड व्हर्नन नावाचा ॲडमिरल होता. तो 'ग्रॉग्रॅम' या जाड्याभरड्या कापडाचा झगा घाली, म्हणून खलाशी त्याला 'ओल्ड ग्रॉग' म्हणत. वेस्ट इंडीजमध्ये खलाशांना रोज अर्धा पिंट रम मिळे. ती ते नुसतीच घशाखाली ओतत आणि मग डेकवर भांडणे, अपघात ठरलेले. ऑगस्ट १७४० मध्ये व्हर्ननने हुकूम काढला की, एक भाग रमला चार भाग पाणी घालावे आणि ती दिवसातून दोनदा वाटून द्यावी. खलाशांनी या पाणचट पेयाला साहेबांचेच नाव दिले, 'ग्रॉग'. ते पिऊन झुलणारा तो 'ग्रॉगी'. गंमत पाहा, नशा आवरण्यासाठी काढलेल्या हुकमातून नशेचाच शब्द जन्माला आला!

पुढे ठोसे खाऊन पाय लटपटणाऱ्या मुष्टियोद्ध्याला लोक 'ग्रॉगी' म्हणू लागले. मग आजाराने, औषधाने किंवा अपुऱ्या झोपेने सुस्तावलेला माणूसही 'ग्रॉगी' झाला. ब्रिटिश आरमारातील रमचे रोजचे वाटप ३१ जुलै १९७० रोजी थांबले. शब्दाने मात्र दारू त्याच्या कितीतरी आधीच सोडली होती. आज एखादा इंग्रज सकाळी उठून 'मी ग्रॉगी आहे' म्हणाला, तर त्याच्या तोंडाचा वास कोणी घेत नाही. प्यालेल्यासाठी त्याच्याकडे 'ड्रंक' आहे, थोडीशी चढलेल्यासाठी 'टिप्सी' आहे.

आपल्या मराठीत हा भेद फार नेमका आहे. दारूने येते ती झिंग, औषधाने येते ती गुंगी आणि तापाने येते ती ग्लानी. तेव्हा आजच्या 'ग्रॉगी'ला 'गुंगीत' हा शब्द चपखल बसतो. तरीही अर्जात, विशेषतः साहेबांच्या कपाटात जुना कोश असेल तर, 'औषधामुळे' एवढे जोडावे हे बरे.

भाचा सुटला. घरी येऊन म्हणाला, "मामा, मी काय प्यायलो होतो का?" मी ते पाकीट मागून घेतले. गोळीत क्लोरफेनिरामिन होते. सर्दीवरचे हे जुने औषध, हमखास झोप आणणारे. ही गोळी घेतल्यावर वाहन चालवू नये, अशी सूचना बारीक अक्षरांत छापलेली होती. त्याने ती वाचलीच नव्हती.

मी त्याला एवढेच म्हणालो, "बाळा, झिंग आणि गुंगी यातला फरक साहेबांना कळला. वळणावर स्कूटरला तो कळत नाही."