एक फोन आणि चाळीस कार्डे



ऑनलाइन डिजिटल साधनांनी वर्गातील अध्यापन कसे रंगवावे, या विषयावर मी चार शब्द बोलावेत अशी आज्ञा झाली आहे. विषय मोठा व वेळ थोडा. म्हणून माझ्या सातवीच्या वर्गात जे घडले तेवढेच सांगतो.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि फोन हीच शाळा झाली. ज्या घरात एकच फोन, तिथे तो दिवसभर अब्बांबरोबर कामावर जाई. संध्याकाळी परतला की आधी थोरल्या भावाच्या हाती पडे आणि बहिणीचा अभ्यास तसाच राही. त्या वेळी पाचवीत असलेली एक मुलगी पुढे सातवीत माझ्या वर्गात आली, ती बोलायचेच सोडून आली होती. घरी उर्दू, शाळेत मराठी; दोन्हींच्या मध्ये तिचे उत्तर अडकत असे. "समजले का?" असे विचारले की सर्वांबरोबर तीही मान हलवी. मान हलवण्यात आमची मुले फार पटाईत आहेत!

प्रारंभी माझीही चूक झाली. मी भिंतीवर प्रोजेक्टरने चित्रफिती दाखवीत सुटलो. मुले खूष झाली, पण दुसऱ्या दिवशी विचारले तर चित्रफितीतील गाणे तेवढे आठवत होते. नंतर कहूत ही प्रश्नमंजूषा करून पाहिली. तीत जो लवकर उत्तर देईल त्याला अधिक गुण मिळतात. म्हणजे विचार करून उत्तर देणारे मूल मागेच. शिवाय त्यासाठी मुलांच्या हाती फोन वा संगणक लागतात. ते आणायचे कोठून?

मग प्लिकर्स या साधनाची माहिती मिळाली. यात फोन फक्त शिक्षकाकडे असतो. प्रत्येक मुलाला कागदावर छापलेले एक कार्ड द्यायचे. त्यावर काळ्या-पांढऱ्या चौकटींची नक्षी असते व चार बाजूंना चार पर्यायांची अक्षरे असतात. जे उत्तर वाटेल ते अक्षर वर येईल असे कार्ड फिरवून धरायचे. शिक्षकाने फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवला की कोणी काय उत्तर दिले ते क्षणात कळते. प्रत्येकाची नक्षी निराळी व अक्षरे बारीक. त्यामुळे शेजाऱ्याचे उत्तर पाहणे सोपे नाही आणि चुकले तरी हसणारे कोणी नाही.

पहिलाच प्रश्न होता : १/३ मोठा की १/४? आदल्या दिवशी सर्वांना "समजले" होते. कॅमेरा फिरवला, तर निम्म्याहून अधिक मुलांनी १/४ मोठा ठरवला होता. तीनपेक्षा चार मोठे ना! मला घाम फुटला. दहा वर्षे मी हा धडा शिकवीत होतो. लगेच फळ्यावर भाकरी काढली आणि विचारले, "भूक लागली असताना एका भाकरीला तीन वाटेकरी बरे की चार?" पुन्हा कार्डे वर झाली आणि बहुतेक उत्तरे बरोबर आली. त्या अबोल मुलीचे उत्तर दोन्ही वेळा बरोबर होते. हे मला तोवर ठाऊकच नव्हते.

भूमितीसाठी मी जिओजेब्रा वापरतो. पडद्यावर त्रिकोणाचा एक शिरोबिंदू धरून कोठेही ओढा, तिन्ही कोनांची बेरीज १८० अंशच राहते. मुले ती मोडून दाखवण्यासाठी हट्टाने ओढत राहतात.

पालकहो, बालभारतीच्या पुस्तकांत छापलेला क्यूआर कोड आपण पाहिला असेल. २०१७ मध्ये सुरू झालेल्या 'दीक्षा' ॲपने तो उघडला की त्या पाठाचे साहित्य समोर येते. पुस्तकांत असे कोड आणण्याच्या कामी सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे रणजितसिंह डिसले गुरुजी अग्रेसर होते. त्यांना २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला.

फोनने मुले बिघडतात, अशी आपली तक्रार रास्त आहे. मी फोन विकत घ्या म्हणत नाही. घरात आहे तोच रोज अर्धा तास, आपल्या डोळ्यांसमोर, अभ्यासासाठी द्या. आणि त्यात मुलीची पाळी मुलाच्या आधी लावा.

ती मुलगी आता दहावी झाली आहे. कार्डांचा संच मी बरोबर आणला आहे. सभा संपल्यावर माता-भगिनींनी तो हाताळून पाहावा. प्रश्न मी सोपेच विचारीन.