भाजलेल्याची शुश्रूषा आणि संगणकाची ओळख
(मंडळाच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



मी प्राथमिक शाळेतील निवृत्त शिक्षक, विद्या मॅट्रिकपुरती. वैद्यकात मला गती नाही, आणि संगणकाशी तर माझे हाडवैर, हे आपणांपैकी पुष्कळांना ठाऊक आहे. तीन वर्षांपूर्वी याच सभागृहात मंडळाच्या निधीतून दोन संगणक घ्यावेत असा ठराव आला होता. "त्यापेक्षा सतरंज्या घ्या, लग्नकार्यात तरी उपयोगी पडतील," असे मी म्हणालो, आणि सभेने हसून ठराव बाजूस सारला. आज त्याच ठरावाची रदबदली करण्यास मी उभा आहे. असे का झाले, हे सांगताना मला संकोच वाटतो; पण सांगितल्यावाचून गत्यंतर नाही.

गेल्या नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नानाच्या गडबडीत माझ्या चार वर्षांच्या नातीच्या अंगावर कढत पाण्याची बादली कलंडली. छाती आणि डावा हात पोळला. घरात वडील मी. भाजल्यावर शाई लावतात, हे लहानपणी पाहिलेले. मी कपाटातील शाईची बाटली तिच्या छातीवर रिती केली. सूनबाई "बाबा, आधी पाणी ओतू या," म्हणत होती. पाण्याने फोड येतात, असे सांगून मी तिला गप्प केले.

तालुक्याच्या इस्पितळात रात्रपाळीची परिचारिका होती, वय पंचविशीच्या आतबाहेर. तिने तीन प्रश्न विचारले: किती वाजता भाजले? काय लावले? वजन किती? पहिल्याचे उत्तर आम्हां कोणासही नीट देता येईना. दुसऱ्याचे उत्तर छातीवर निळे दिसतच होते. शाईखाली कातडी लाल आहे की पांढरी, हे कळेना. आणि जखम किती खोल, हे त्यावरूनच ठरते. ती शाई पुसून काढीपर्यंत पोरीने जो आक्रोश केला, तो अजून माझ्या कानांत आहे. परिचारिका मला एका शब्दानेही बोलली नाही.

बोटांसह रुग्णाचा स्वतःचा तळहात म्हणजे त्याच्या अंगाचा सुमारे एक टक्का, या मापाने तिने जखम मोजली. मग छायाचित्र, वजन, टक्के, वेळ, सारे संगणकावर भरून शहरातील भाजलेल्यांच्या तज्ज्ञाकडे पाठविले. पाव तासात लेखी सूचना आल्या आणि १०८ क्रमांकाच्या गाडीतून नातीला पुढे नेले. ती आता हिंडतेफिरते. फ्रॉकच्या गळ्यातून डाग दिसतो, तेव्हा मी दुसरीकडे पाहतो.

पुढे मी त्या परिचारिकेकडे मुद्दाम गेलो आणि विद्यार्थी होऊन बसलो. ती म्हणाली, भाजलेल्या भागावर वीस मिनिटे नळाचे वाहते गार पाणी सोडावे. काही वेळ वाया गेला असला, तरी तीन तासांच्या आत केल्यास उपयोग होतो. बर्फ लावू नये. सूज येण्यापूर्वी बांगड्या, अंगठ्या काढाव्यात. कपडा कातडीला चिकटला असल्यास ओढू नये, फोड फोडू नयेत. स्वच्छ चादरीने झाकावे आणि बाकीचे अंग उबदार ठेवावे. शाई, तूप, हळद, दातांची पेस्ट यांपैकी काहीही लावू नये.

वेळ का विचारतात, ते मात्र मला गणिताचा मास्तर म्हणून फार आवडले. डॅलस येथील पार्कलंड रुग्णालयातून आलेले एक सूत्र आहे: चार मिलिलिटर गुणिले वजन गुणिले भाजल्याचे टक्के. साठ किलोचा मनुष्य तीस टक्के भाजला, तर चोवीस तासांत ७२०० मिलिलिटर द्रव शिरेतून द्यावयाचा. त्यांतील निम्मा, ३६०० मिलिलिटर, पहिल्या आठ तासांत. हे आठ तास इस्पितळात आल्यापासून नव्हेत, तर भाजल्या क्षणापासून मोजतात. दोन तास वाटेत गेले, तर तो निम्मा सहा तासांत बसवावा लागतो. मुलांचे गणित थोडे निराळे. शिवाय सूत्र ही केवळ सुरुवात. पुढे दर तासाला लघवी मोजून प्रमाण कमीअधिक करावे लागते. ही प्रत्येक नोंद तिला संगणकावर करावी लागते, आणि पाळी बदलली की दुसरी परिचारिका तेथूनच पुढे वाचते.

परिचर्येच्या शिक्षणाआधीच आपण एमएस-सीआयटीची परीक्षा दिली होती, असे तिने सांगितले. नसती दिली, तर त्या रात्री टंकफलकावर अक्षरे शोधण्यातच पाव तास गेला असता.

आपल्या ज्ञातीतील कितीतरी मुली बारावीनंतर परिचर्येकडे जाऊ इच्छितात, आणि घरी संगणक नाही म्हणून बिचकतात. दुसरीकडे, भाजल्यावर पेस्ट लावा असा संदेश मागील महिन्यात आपल्याच मंडळाच्या मोबाइल गटावर फिरत होता. तो पुढे धाडणारे शिकलेसवरलेले होते. खरी माहिती कोठे पाहावी आणि कोणत्या संदेशावर विसंबू नये, हे आम्हां म्हाताऱ्यांसही शिकावयास हवे. संगणक शिकविणारे जाणते कोणी मिळाल्यास पहिल्या बाकावर मी बसेन. शनिवारी दुपारी सभागृह रिकामेच असते. पहिल्या संगणकासाठी माझ्या निवृत्तिवेतनातून पाच हजार रुपये मी चिटणिसांकडे आजच देत आहे. सतरंज्यांचे पुढील वर्षी पाहू.