नकाशा उघडला, पण खरा उघडला काय?

इ. स. १९९३ च्या सप्टेंबर महिन्याच्या ३० तारखेस पहांटेच्या प्रहरीं किल्लारीच्या परिसरांत धरणी हादरली. मातींत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवरील जड माळवदें झोंपलेल्या माणसांवर कोसळलीं, आणि हजारोंचा अंत झाला. तेव्हांपासून लातूरकडील माणूस घर बांधावयास निघाला म्हणजे भिंतींना वरून वेढणारी काँक्रीटची पट्टी आहे काय, हें आधीं विचारतो. ही पट्टी नकाशांत एका रेघेनें दाखविलेली असते. ती रेघ नकाशा एका हातांतून दुसऱ्या हातांत जातांना नाहींशी झाली, तर तो दोष केवळ चित्राचा म्हणतां येईल काय?

आज नकाशे कागदावर नव्हे, संगणकावर होतात. भूमापक एका प्रोग्रॅममध्यें जागा मोजून देतो, वास्तुतज्ज्ञ दुसऱ्यांत घर रेखाटतो, आणि लोखंडाचा हिशेब करणारा अभियंता तिसऱ्यांत काम करतो. फाईल एकाकडून दुसऱ्याकडे गेली कीं कधीं सरळ भिंत करवतीच्या दांत्यांसारखी दिसूं लागते, कधीं मराठी अक्षरांच्या जागीं चौकोन उमटतात, तर कधीं पडदा अगदीं कोरा राहतो. अशा वेळीं संगणकास दोष देणें सोपें असतें. पण कारण बहुधा साधें व शोधतां येण्याजोगें असतें.

करवतीचेंच कारण पाहूं. भूमापक जागेचीं स्थानें पृथ्वीच्या मापांत देतो. लातूर विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारें २० लाख मीटरांवर आहे. म्हणून प्रत्येक बिंदूच्या आंकड्यांत हे २० लाख येतात. मूळ फाईल पंधरा अंकांपर्यंत अचूक असते. परंतु पडद्यावर रेघा झटपट उमटाव्या म्हणून अनेक प्रोग्रॅम तेथें सातच अंकांच्या सुमाराची अचूकता ठेवतात. २० लाखांच्या घरांत अशा आंकड्याची एक पायरी साडेबारा सेंटिमीटरांची होते. म्हणजे त्यापेक्षां बारीक अंतर पडद्यास दाखवितांच येत नाहीं. साडेचार इंची विटेची भिंत तर साडेअकरा सेंटिमीटरांचीच! तिच्या दोन कडा एकमेकींवर चढल्या अथवा वांकड्या झाल्या, तर नवल तें काय? भिंत बिघडलेली नसते. ती पाहणारा डोळाच तेवढा अधू झालेला असतो.

उपाय असा. मूळ फाईलची एक प्रत जशीच्या तशी बाजूस ठेवावी. दुसऱ्या प्रतींत, भूखंडाचा एक कोपरा शून्यावर येईल अशा रीतीनें सर्व रेखाटन सरकवावें, आणि किती सरकविलें तो आंकडा नकाशावरच लिहून ठेवावा. हें काम पाठविणाऱ्या प्रोग्रॅममध्येंच करावें. आधीं आणून मग सरकविलें तर कित्येकदां झालेली हानि भरून येत नाहीं. सरकविल्याचा आंकडा मात्र हरवतां कामा नये, कारण शेवटीं घर पुन्हां त्याच जमिनीवर बांधावयाचें असतें.

नांदेड जिल्ह्यांत याच गोष्टीचा आणखी एक चमत्कार आढळतो. नकाशाच्या सोयीसाठीं पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे पट्टे केले आहेत. ७२ ते ७८ रेखांशांचा पट्टा ४३ वा; त्याच्या पूर्वेचा ४४ वा. लातूर व नांदेड हीं शहरें ४३ व्यांत पडतात, परंतु त्याच जिल्ह्यांतील किनवट ७८ च्या पलीकडे आहे. किनवटचे ४४ व्या पट्ट्यांतील आंकडे ४३ व्यांतले म्हणून वाचले, तर तें गांव सहाशें किलोमीटरांहून अधिक पश्चिमेस सरकून अरबी समुद्रांत जाऊन बसतें! लॅम्बटननें १८०२ मध्यें मद्रासजवळ पायारेषा मोजून ज्या त्रिकोणमापनास आरंभ केला, त्याचा दक्षिणोत्तर कणा याच ७८ व्या रेखांशाच्या आसपास आहे. १८२३ मध्यें हिंगणघाट येथें त्याचें देहावसान झालें, आणि तें काम पुढें एव्हरेस्टनें चालविलें. त्यांच्या मोजणींत प्रत्येक आंकड्याबरोबर तो कोठून मोजला हें नोंदलेलें असे. संगणकाच्या फाईलसही तीच शिस्त हवी.

बाकीचे दोष लहान, पण घातक. फुटांत काढलेलें रेखाटन मिलिमीटरांत वाचलें गेलें तर ३०४.८ पटींनीं आकसतें. मग कोरा पडदा पाहून ‘फाईल रिकामी आहे’ असा समज होतो. घर तेथेंच असतें, कणाएवढें. अक्षरांचे चौकोन हा टंकाचा दोष: पाठविणाऱ्याजवळचा जुना मराठी टंक घेणाऱ्याजवळ नसतो. यास्तव मजकूर युनिकोड टंकांत लिहावा. नकाशास जोडलेल्या दुसऱ्या फाईली सोबत न गेल्यास तेवढा भाग गळतो. म्हणून सर्व एकत्र बांधून पाठवाव्या. दारें, भिंती, जिने हे एखाद्या प्रोग्रॅमचे खास पदार्थ दुसऱ्यास ओळखतां येत नाहींत. ते साध्या रेघांत उतरवून द्यावे.

आणि इतकें करूनही केवळ डोळ्यांवर विसंबूं नये. दोन ठाऊक बिंदूंमधील अंतर दोन्ही प्रोग्रॅममध्यें मोजावें. तें जुळलें, तर माप शाबूत. मूळ नकाशाची छापील प्रत सोबत घेऊन एकेक रेघ ताडून पाहावी. विशेषतः भिंतींना वेढणारी ती पट्टी. गवंडी नकाशांत जें दिसेल तेंच बांधतो. जें दिसत नाहीं, तें भिंतींतही येत नाहीं. हा पडताळा घेण्यास अर्धा तास पुरतो. त्या घरांत माणसें पुढें कित्येक वर्षें निजणार असतात.