एक घर, दोन चौकोन

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त महिला मंडळाच्या हळदीकुंकू समारंभात केलेलं भाषण)

माझ्या मैत्रिणींनो आणि मागे समोशांची वाट पाहत बसलेल्या समस्त पुरुषमंडळींनो!

सोसायटीला पंचवीस वर्षं झाली. आपण राहायला आलो तेव्हा घराघरात पेटीसारखा टीव्ही होता आणि त्याच्यावर क्रोशाचा रुमाल. फ्रिजवर रुमाल, टीपॉयवर रुमाल, दाराला तोरण. मग टीव्ही भिंतीला चिकटला आणि रुमाल बेवारस झाला. सुया मात्र अजून आहेत, शिलाई मशीनच्या खणात, बटणांच्या डब्यात. आज मी त्या बाहेर काढायला सांगणार आहे.

आपल्यापैकी बहुतेकींना तीन टाके येतात: साखळी, मुका खांब आणि खांब. मीही चाळीस वर्षं या तिघांवरच संसार केला. रुमालाला तेवढं पुरतं. पण साठी उलटल्यावर मला नवे टाके शिकावेसे वाटले, आणि त्यासाठी ब्लँकेटसारखा दुसरा गुरू नाही. चौकोनांचं ब्लँकेट असेल तर प्रत्येक चौकोन म्हणजे एक धडा. नाही जमला तर सहाच इंच उसवायचे. क्रोशाचं सुख हेच, की सुईवर एका वेळी एकच फासा असतो. धागा ओढला की सगळं सुटतं आणि लोकर पुन्हा वापरता येते.

आता टाक्यांबद्दल. 'शिंपला' सगळ्यात सोपा. एकाच घरात पाच खांब घालायचे, मग दोन घरं सोडून मुका खांब, पुन्हा दोन घरं सोडून पाच खांब. म्हणजे एका शिंपल्याला सहा घरं लागतात. म्हणून घरं सहाच्या पटीत आणि वर एक धरायची. तीन शिंपल्यांना १९. हे गणित नातवंडांना करायला द्या, पाढेही पक्के होतील. 'पॉपकॉर्न'मध्ये तेच पाच खांब, पण नंतर फाशातून सुई काढून ती पहिल्या खांबाच्या डोक्यात घालायची आणि सुटलेला फासा त्यातून ओढून घ्यायचा. छान टपोरा गोळा उठतो. लोकर मात्र भरपूर खातो.

मला सर्वांत आवडला तो 'वॉफल'. त्यात सुई खांबाच्या डोक्यात घालत नाहीत, तर खालच्या ओळीतल्या खांबाला कमरेत हात घालावा तशी मागून फिरवून आणतात. त्यामुळे उभ्या-आडव्या कडा उठतात आणि मधे मधमाश्यांच्या पोळ्यासारखे खळगे राहतात. हे नुसतं सजावटीसाठी नाही. ऊब लोकरीपेक्षाही तिच्यात अडकून राहिलेल्या हवेची असते. खळग्यात हवा धरून राहते, म्हणून वॉफल उबदार. साध्या खांबांची जाळी दिसायला सुंदर, पण वारा आरपार. थंडीसाठी विणायचं तर हा फरक ओळखायला हवा.

एक अडचण येते. टाका बदलला की माप बदलतं. तीच लोकर, तीच सुई, तेवढीच घरं, तरी एक चौकोन रुंद, दुसरा आखडलेला. त्यावर उपाय असा, की टाके मोजायचे नाहीत, पट्टी ठेवायची. साडेपाच इंचांना थांबायचं आणि सहा इंच भरेपर्यंत चारी बाजूंनी मुक्या खांबांची किनार करायची. वेगवेगळ्या हातांचे चौकोन त्या किनारीमुळे एकमेकांना जोडता येतात.

आता मुद्द्याचं. आपली घरं ४०. प्रत्येक घराने दोन चौकोन विणले तर ८०. आठ चौकोन रुंद, दहा लांब, म्हणजे चार फूट बाय पाच फूट. बसल्या बसल्या खांद्यावरून घेता येईल असं ब्लँकेट. ते कोणासाठी, हे तुम्ही ओळखलं असेल. डिसेंबरात नाशिकची थंडी काय असते ते मी सांगायला नको. शेजारचं निफाड तर दर हिवाळ्यात बातम्यांत असतं. त्या थंडीत आपण दारं-खिडक्या लावून झोपतो आणि एक माणूस गेटवर जागा असतो. पाहुण्यांना आपण शाल-श्रीफळ देतो. कार्यक्रम संपला की तेच पाहुणे त्याच्यासमोरूनच गाडीतून जातात. त्याने कधी काही मागितलेलं नाही, आणि मागेल अशी वाट बघणंही बरं नाही.

लोकर निवडताना एवढं लक्षात ठेवा. तो पहाटे शेकोटीजवळ बसतो. अॅक्रिलिक स्वस्त आहे, धुवायला सोपं आहे, पण ठिणगी पडली तर वितळून अंगाला चिकटतं. खरी लोकर सहज पेट घेत नाही. म्हणून या ब्लँकेटला खरीच लोकर घेऊ. खर्च जास्त येईल, तो वर्गणीतून वाटून घेऊ. सुई साडेचार मिलिमीटरची. रुमालाची बारीक पोलादी सुई इथे चालणार नाही.

८० चौकोन ऐकून घाबरू नका. ३१ जानेवारी २०१६ रोजी चेन्नईत 'मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स' या गटाच्या महिलांनी चौकोन जोडून ११,१४८.५ चौरस मीटरचं ब्लँकेट मांडलं आणि गिनीज विक्रम केला. आपल्याला तर एका माणसापुरतंच करायचंय!

ज्यांना येत नाही त्यांनी येत्या रविवारी चार वाजता गच्चीवर यावं. मुलगे, जावई, आजोबा, सगळ्यांनी. पार्किंगवरून ज्यांचं बोलणं बंद आहे त्यांना मी शेजारी शेजारी बसवणार आहे. टाके मोजताना भांडता येत नाही, हा माझा अनुभव आहे.

आता समोसे!